वाटपानंतरचा सोमवार

शाळेच्या व्हरांड्यात मी तिच्या पाठीमागे उभी राहते, म्हणजे माझे ओठ तिला दिसत नाहीत. तिच्या पुढ्यात एक डबा, हातात मणी. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. मी म्हणते, आ. मणी पडतो. ऊ. पडतो. ई. पडतो. म. पडतो. श ला ती जरा घुटमळते, पण टाकते. मग मी स म्हणते. मणी हातातच राहतो.

हे सहा आवाज डॅनियल लिंग या तज्ज्ञानं ठरवून दिलेले आहेत. माणसाच्या बोलण्यातली खालची पट्टी ते वरची पट्टी एवढा सगळा पल्ला त्यात येतो आणि मराठीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. स सगळ्यांत वरचा. तो गेला की मराठीतलं बरंच काही जातं. गणिताच्या तासाला ‘सात’ म्हटलं तर तिला ‘आत’ ऐकू येतं, आणि ती दाराकडे बघते. वर्गात सगळ्यांना वाटतं, लक्ष नाही.

मी मशीन काढून बघते. श्रवणयंत्र हा शब्द आमच्या कागदांवर असतो, घरोघर त्याला मशीनच म्हणतात. सेल चांगला आहे. नळीत पाण्याचा थेंब नाही. आवाजाची चकती मात्र कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवलेली. का, ते लगेच कळतं. चकती पूर्ववत केली की मशीन शिट्टी मारायला लागतं. कानातला साचा सैल झालाय, आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मशीनमध्ये शिरतोय. घरच्यांना शिट्टी सहन होईना, त्यांनी आवाज कमी केला. मी बोटानं साचा कानात दाबून धरते, चकती फिरवते आणि पुन्हा स म्हणते. मणी पडतो.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: ‘डावा साचा बदलणे.’ हे चार शब्दही नसलेलं वाक्य पुरं व्हायला पुढचे कित्येक आठवडे जातात. माझं काम ते आठवडे कमी करणं.

मी विशेष शिक्षक. समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षणाचं काम करते, बसायची जागा खंडाळ्याच्या गट साधन केंद्रात. लोणावळ्याजवळचा घाटातला खंडाळा हा नव्हे. एसटीच्या पाटीवर पारगाव-खंडाळा लिहिलेला, खंबाटकी घाटाच्या अलीकडचा, सातारा जिल्ह्याचा हा तालुका. उत्तरेला नीरा नदी, पलीकडे पुणे जिल्हा. महामार्गावरच्या शिरवळला कारखाने, लोणंदला कांद्याचा बाजार आणि रेल्वे, मधे कोरडी माळरानं आणि पाट आला तिथं ऊस. इथली माणसं दवाखान्याला पुण्याला जातात आणि कागदाला साताऱ्याला. माझ्या मुलांची फाइल या दोन दिशांमध्ये फाटते, ती शिवत राहावी लागते.

साहित्य मिळण्याची वाट अशी. वर्गशिक्षक किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सांगतं की या मुलाला काहीतरी अडचण दिसते. मग तपासणी, साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातलं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं आणि योग्य ती साधनं मोफत द्यावीत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्यानंतर मोजमाप शिबिर. तिथं कानपूरच्या एलिम्कोचे, म्हणजे केंद्र सरकारच्या कृत्रिम अवयव निर्माण महामंडळाचे तंत्रज्ञ मापं घेतात. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राच्या एडिप योजनेतून, चाळीस टक्के समग्र शिक्षातून. मग मागणी जाते, साहित्य तयार होतं, आणि एक दिवस वाटप शिबिर ठरतं.

वाटपाच्या दिवशी मंडप असतो. तीनचाकी, कुबड्या, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची सीपी चेअर, ब्रेल किट, मतिमंद हा जुना शब्द सोडून आता बौद्धिक अक्षमता म्हणतो त्या मुलांसाठीची खेळण्यांची पेटी, सगळं ओळीनं मांडलेलं. आईबाप नव्या कपड्यांत येतात. तो दिवस मला खरोखर आवडतो. कित्येक घरांत मुलाच्या नावानं काहीतरी समारंभानं हातात दिलं जाण्याचा तो पहिला प्रसंग असतो. पण माझी वही उघडते ती त्यानंतरच्या सोमवारी. कारण मूल वाढतं आणि साहित्य वाढत नाही.

सरकारला हे माहीत आहे. एडिपचा नियमच असा की एकदा साधन मिळालं की तसंच दुसरं तीन वर्षं मागता येत नाही, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकाच वर्षाची. नियम करणाऱ्या कुणीतरी वाढत्या पोराचा पाय डोळ्यांसमोर ठेवला असणार. मात्र हा नियम आपोआप चालत नाही. बारा महिने झाले हे कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं.

साच्याचंच बघा. श्रवणतज्ज्ञ आधी कानात बॅटरीचा प्रकाश टाकून बघतात, मळ नाही ना, जखम नाही ना. मग दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवतात, पडद्याला धक्का लागू नये म्हणून. त्यावर दोन लगद्यांचं मिश्रण भरतात. ते पाचेक मिनिटांत घट्ट होतं, तोवर मुलानं थांबायचं. सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं न हलता बसवणं हीसुद्धा एक विद्या आहे. मी त्यांना माझ्या हाताची बोटं उलटसुलट मोजायला लावते. दोरा धरून तो ठसा बाहेर काढला की कानाच्या आतल्या वळणांची हुबेहूब प्रतिकृती हातात येते. त्यावरून साचा घडतो. मशीन वर्षानुवर्षं टिकतं, पण प्राथमिक शाळेतल्या मुलाचा साचा सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो. सगळ्या साखळीत स्वस्त असलेली ही वस्तू वेळेवर नसली तर महागातलं मशीन ट्रंकेत जातं.

दुसरी गोष्ट सेलची. मशीनचे सेल हवेवर चालतात. पाठीवरचा स्टिकर सोलला की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. निळा स्टिकर ६७५ नंबरचा, नारिंगी १३ नंबरचा. साधारण दोन आठवडे टिकतो. म्हणजे एका कानाला वर्षाला पंचवीसेक, दोन्ही कानांना पन्नासच्या वर. एका आजीनं पाकिटातल्या सहाही सेलांचे स्टिकर एकदमच काढून ठेवले होते, नातवाला शाळेत जाताना घाई व्हायला नको म्हणून. महिन्याच्या आत सगळे मेले. आजी रडवेल्या झाल्या. ‘बाई, म्या तर सोपं करून ठिवलं हुतं.’ मी म्हटलं, ‘आजी, स्टिकर काढला की सेल श्वास घ्यायला लागतो. त्याला झोपू द्यायचं, पाळी आली की उठवायचं.’ तेव्हापासून त्या घरात सेल कधी संपले नाहीत असं झालं नाही, पण वाया गेले नाहीत. आता मी पाकीट देताना स्टिकर एकदा घरच्यांच्याच हातानं काढून घेते, मिनिटभर थांबवते, मग मशीनमध्ये बसवायला लावते. स्वतःच्या हातानं केलेलं माणूस विसरत नाही.

चाकाच्या खुर्चीबाबतची चूक माझी स्वतःची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाची सगळी मापं मी शिबिरात नीट घेतलेली बघितली. बसायची रुंदी म्हणजे कमरेच्या रुंदीला दोन्ही बाजूंनी जेमतेम मोकळीक, नाहीतर मूल एका अंगाला कलतं आणि पाठीचा कणा त्याच बाजूला वळत जातो. बैठकीची खोली गुडघ्याच्या मागे दोनतीन बोटं जागा राहील एवढी. पायटा असा की मांडी सपाट टेकेल. सगळं बरोबर होतं. खुर्ची आली, फोटो झाला. आठवड्यानं घरी गेले तर खुर्ची अंगणात, तिच्यावर वाकळ वाळत घातलेली. घराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद, त्यात उंबरा वीतभर. मी मुलाचं अंग मोजलं होतं, घर मोजलं नव्हतं. त्या मुलानं ती खुर्ची वर्षभरात पंधरा दिवससुद्धा वापरली नाही. तेवढ्यात तो वाढला.

त्यानंतर माझ्या पिशवीत टेप असतोच. घराचं दार, उंबरा, मोरीची वाट, शाळेची पायरी, स्वच्छतागृहाचं दार. उताराचं प्रमाण एकास बारा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गावात बांधकाम करणाऱ्या मिस्त्रीला हे पटवणं सोपं नसतं, त्याला एवढी जागा वाया गेल्यासारखी वाटते. मी त्याला खुर्चीत बसवते आणि म्हणते, आता स्वतःच्या हातानं वर जा. चार फुटांच्या उतारावर अर्ध्यातच त्याचे हात थांबतात. पुढचा उतार तो स्वतः मोजून घालतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालात म्हटलंय की चष्म्यापासून खुर्चीपर्यंत कुठलं ना कुठलं सहायक साधन जगात अडीचशे कोटींहून जास्त माणसांना लागतं आणि जवळजवळ शंभर कोटी लोकांना ते मिळत नाही. मी तो आकडा वाचला तेव्हा मला मिळालेल्यांची काळजी वाटली. अंगणातली ती खुर्ची कागदावर ‘मिळालेल्यां’मध्येच मोजली गेली होती.

सगळंच असं कष्टाचं नसतं. याच तालुक्यात नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. ३ जानेवारीला तिथं मोठी गर्दी असते. दुसऱ्या दिवशी, ४ जानेवारीला, लुई ब्रेलचा जन्मदिवस. हे दोन दिवस एकाला एक लागून आलेत याचा मला दरवर्षी नव्यानं आनंद होतो. त्या दिवशी मी डोळस मुलांच्या हातात ब्रेल पाटी देते. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायचं. पोरं चक्रावतात. आमच्याकडची सातवीतली अंध मुलगी त्यांना शिकवते, आणि तिला एक गोष्ट सांगायला फार आवडते: तुमची पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि म्हणता मात्र नंतर, आमच्या ब्रेलमध्ये जसं म्हणतो तसंच लिहितो, आधी क, मग इ. त्या तासाला वर्गात चुकणारे बाकीचे असतात.

वर्षाच्या याच सुमाराला मेंढपाळांची घरं रिकामी असतात. दिवाळी झाली की घोडी, मेंढरं, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा वाडा कोकणात उतरतो, तो पावसाच्या तोंडावर परततो. त्यातल्या एका घरातला नऊ वर्षांचा मुलगा माझ्या वहीत आहे, दोन्ही कानांना मशीन. त्याला इथं ठेवा म्हणणं सोपं, पण सांभाळायला मागं कुणीच राहत नाही. म्हणून त्याचं साहित्य वाड्याबरोबर जातं. घट्ट झाकणाची डबी, आत ओल शोषणारी पुडी, नळीतलं पाणी काढायचा फुगा, सेलांची पाकिटं, आणि पुठ्ठ्यावर मी काढून दिलेली सहा अक्षरं. त्याचा थोरला भाऊ आठवीत शाळा सोडलेला. त्याला मी दिवाळीआधी तीन दिवस शिकवलं, मागं उभं कसं राहायचं, आवाज न वाढवता कसं म्हणायचं.

परवा सोमवारी त्याचा फोन आला. मेंढरांचा कालवा एवढा की मलाच नीट ऐकू येईना.

‘मॅडम, घेतली परीक्षा. आ, ऊ, ई, म आला. श आला.’

‘आणि स?’

‘उजव्या कानाला आला. डाव्याला न्हाई.’

‘सेल बदलून बघितला?’

‘बघितला. नळीबी फुंकली. शिट्टी वाजतीय.’

मी वहीत लिहिलं: डावा साचा. मग विचारलं, पुढच्या आठवड्यात वाडा कुठं असेल? त्यानं महाडच्या अलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं, शेताच्या मालकाचाही नंबर दिला. तिथून सगळ्यात जवळचे श्रवणतज्ज्ञ कोण, ते आता शोधायचं आहे.