नावावर वॉरंट आहे का, ते कुठं पाहायचं?

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मामींचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, घरी पोलीस येऊन गेला. ह्यांच्या नावानं वॉरंट आहे म्हणे." मामा तेव्हा मुलीकडं पुण्याला होते. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. मामींनी दोन दिवस शेजारणीलाही काही सांगितलं नव्हतं.

"मामी, कागद पाहिला का? केस नंबर काय होता?"

"मला कुठलं सुचतंय ते!"

वॉरंट काढलेल्यांची यादी पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात लावलेली असेल, अशी माझी समजूत होती. तशी यादी लोकांसाठी कुठंच नसते. ठाण्यात "कोर्टात चौकशी करा" एवढंच उत्तर मिळालं. वॉरंट शोधायचं नसतं, आधी खटला शोधायचा असतो, हे मला एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं.

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर आणि मोबाईलच्या अ‍ॅपवर ते फुकटात होतं. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगावी, मग तालुक्याचं न्यायालय आवार निवडायचं. पुढं पक्षकाराचं नाव आणि खटला दाखल झाल्याचं वर्ष. एफआयआरचा नंबर माहीत असेल तर त्यावरूनही सापडतं.

आपल्या भागात खरी अडचण नावाची. आपण आडनाव आधी सांगतो, दफ्तरात ते शेवटी असतं. लक्ष्मण कुणी एक्स घालून लिहितो, कुणी के-एस-एच. म्हणून पूर्ण नाव टाकू नये, नावातली तीन-चार अक्षरंच टाकावीत आणि वर्षं बदलून पाहावीत. मामा सापडले ते चौथ्या खेपेला.

खटला चेकचा होता. एका सोसायटीच्या कर्जाला मामा जामीनदार राहिले होते आणि सही केलेला कोरा चेक देऊन विसरले होते. (ही सवय आपल्याकडं घरोघरी आहे, काय बोलावं!) कर्जदारानं हप्ते थकवले, चेक वटला नाही. समन्स जुन्या घराच्या पत्त्यावर जाऊन परत आलं होतं. खटल्याच्या पानावर मागच्या तारखा असतात. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय झालं ते दिसतं. तिथं इंग्रजीत बीडब्ल्यू म्हणजे जामीनपात्र वॉरंट, एनबीडब्ल्यू म्हणजे अजामीनपात्र. मामांच्या खात्यावर आधी एक, मग दुसरं. सगळ्या तारखांची नोंद लगेच चढतेच असं नाही. म्हणून सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर वहीत उतरवून घ्यावा आणि वकिलामार्फत कोर्टाच्या कार्यालयात खात्री करावी.

चार-सहा महिने गप्प बसलं की वॉरंट आपोआप संपतं, हा समज घातक आहे. बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्टानं रद्द करेपर्यंत ते जिवंतच राहतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम कायम आहे. वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो, आणि अटक करणाऱ्याकडं ते पाहायला मागता येतं. व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून पैसे मागणारा पोलीस नसतो, भामटा असतो. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाहीच.

मामा पुण्याहून आले ते रात्रीच्या गाडीनं. सकाळी वकीलबाईंनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, पत्ता बदलल्याचे कागद जोडले. मामा स्वतः हजर झाले, म्हणून अर्ज मंजूर झाला, जामीन मिळाला. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जावं. बायकांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खटला अजून चालू आहे. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री मामी मला फोन करून विचारतात, "बघ गं, उद्याचं काय लिहिलंय."