मुरुमांचा जेल : आधी त्रास, मग आराम

त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेला मुरुमांचा जेल लावला, की पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, चुरचुरतो, सालं निघतात. आपल्या मनानं मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची क्रीम लावली, तर चार दिवसांत चेहरा गुळगुळीत आणि गोरा दिसायला लागतो. परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, पोरापोरींच्या चेहऱ्यांचं नुकसान होतं ते या उलट्या हिशेबामुळे. त्यातून घरात लग्न निघालेलं असेल, तर चांगली ट्यूब कोनाड्यात पडते आणि वाईट ट्यूब चेहऱ्यावर येते.

वयात येताना त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. छिद्राच्या आतल्या मृत पेशी झडून बाहेर पडायच्या, त्या तेलात चिकटून बसतात आणि छिद्र बुजतं. आत कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू पोसतो, सूज येते, पू धरतो. ही साखळी एका औषधानं तुटत नाही, म्हणून एका ट्यूबमध्ये दोन औषधं घालतात. अडापलीन 0.1 टक्के आणि बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के ही त्यातली गाजलेली जोडी. अमेरिकेत तिला 2008 मध्ये मान्यता मिळाली. अडापलीन छिद्र बुजू देत नाही, पेरॉक्साइड जिवाणू मारतं. त्याआधीचं ट्रेटिनॉइन उजेडात पेरॉक्साइडच्या सोबतीनं टिकत नसे. अडापलीन टिकलं, म्हणून ही जोडी जमली.

दुसऱ्या प्रकारच्या जेलमध्ये क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक असतं. ते एकटंच महिनोन् महिने लावलं, तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. पेरॉक्साइड सोबत असलं की तो धोका बराच कमी होतो.

डोळ्यांना दिसणारा मुरूम त्वचेखाली कितीतरी आठवडे आधीपासून तयार होत असतो. जेल त्या न दिसणाऱ्या मुरुमांवर काम करतो. म्हणून खरा फरक 8 ते 12 आठवड्यांनी कळतो, आणि म्हणूनच तो फक्त फोडावर टिपका देऊन भागत नाही. मुरूम येतात त्या सगळ्या भागावर लावावा लागतो. रात्री तोंड धुवून, पूर्ण कोरडं करून, वाटाण्याएवढा जेल बोटावर घ्यायचा. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी इथं ठिपके द्यायचे आणि पातळ पसरायचा. डोळे, ओठ, नाकपुडीचे कोपरे सोडायचे. फार चुरचुरलं, तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लावता येतो. ट्यूब फेकून द्यायचं कारण नाही.

आपल्याकडचं ऊनही ध्यानात घ्यायला हवं. अडापलीनमुळे त्वचेला ऊन जास्त लागतं, त्यामुळे स्कूटीवर निघताना स्कार्फ आणि सनस्क्रीन दोन्ही हवेत. पण पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. जेल नीट धुतला नसेल, तर काळ्या-निळ्या स्कार्फवर नारिंगी-पांढुरके डाग पडतात आणि ते जात नाहीत. उशीचा अभ्रा, टॉवेल पांढरेच वापरलेले बरे. बऱ्याच ट्यूबवर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात पारा 44 च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवलेलं औषध किती टिकणार? घरातली सगळ्यात थंड जागा शोधावी, आणि फ्रीजमध्ये ठेवायची का, हे घेतानाच विचारावं.

आता ती दुसरी क्रीम. बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर वाचून बघा. सूज दबते म्हणून चेहरा छान दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली कायम राहते, लव वाढते, नवे मुरूम उठतात आणि क्रीम सोडली की चेहरा पेटतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातल्या 12 केंद्रांच्या अभ्यासात त्वचेच्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. आजारासाठी लावणाऱ्यांत मुरुमांचं कारण पहिलं होतं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा 14 स्टिरॉइडांच्या मलमांना चिठ्ठी सक्तीची केली. काउंटरवर नाव सांगून क्रीम मागायची सवय मात्र गेलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण बिघडलेला चेहरा सावरायला महिनोन् महिने जातात.

जेलसाठीही चिठ्ठी लागते, ती उगीच नव्हे. मुरूम आटोक्यात आले की डॉक्टर बहुधा क्लिंडामायसिन थांबवून नुसतं अडापलीन चालू ठेवतात. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर तीच ट्यूब आणत राहिलं, तर हा बदल होतच नाही. आणि घरात एक ट्यूब आली की ती बहिणी-बहिणींत, नणंद-भावजयीत फिरते. दिवस गेलेले असतील किंवा मूल होऊ द्यायचं चाललं असेल, तर अडापलीन लावायचं नसतं. धाकट्या बहिणीसाठी आणलेला जेल नव्या सुनेनं लावण्याआधी हे तिला कुणीतरी सांगायला हवं.