चिक्की, दात आणि हिरवा चहा

बोरघाट चढून लोणावळ्यास आलेला प्रवासी चिक्की घेतल्यावाचून सहसा परतत नाही. गूळ वा साखर आणि शेंगदाणे यांचा हा खाऊ दाढांच्या खाचांत चिकटून राहतो. तोंडातील ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ हे जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लाने दातांवरील कठीण आवरण विरघळू लागते व कीड लागते.

या जंतूंना आवर घालण्यास हिरव्या चहाची चूळ साहाय्यभूत ठरते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यातील कॅटेचिन द्रव्ये जंतूंची वाढ रोखतात. काळा चहाही याच झुडपाच्या पानांपासून होतो. परंतु त्या प्रक्रियेत बहुतांश कॅटेचिनांचे रूपांतर होते. मावळात परसदारी आढळणारा गवती चहा मात्र सर्वस्वी निराळी वनस्पती होय.

चमचाभर हिरवा चहा कपभर गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून गाळावा. दूध-साखर घालू नये. कोमट झाल्यावर मिनिटभर चूळ भरून टाकावी.

तथापि हा केवळ पूरक उपाय आहे. दातांवर साचलेला थर घासल्यानेच निघतो. म्हणून फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, दात घासणे अगत्याचे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ कायमची असते. ती दुधाची समजून पालकांनी दुर्लक्ष करू नये. मुलांना चिक्की अवश्य द्यावी, पण जेवणाबरोबर. आणि हिरवा चहा नसल्यास साध्या पाण्याने तरी खळखळून चूळ भरावयास लावावी.