स्वॅपला भंगार डिस्क चालते?

"स्वॅपला काय, कुठलीही जुनी डिस्क लावा. तिथे तात्पुरताच डेटा असतो!" मशीन जुळवणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. लिनक्सपुरतं तरी ते साफ चूक आहे.

रॅम कमी पडली की कर्नल पेजेस बाहेर काढतो. प्रोग्रॅमचा कोड असेल तर तो नुसता टाकून देतो. मूळ फाइल डिस्कवर आहेच. पण तुम्ही टाइप करून अजून सेव्ह न केलेला मजकूर, डेटाबेसने हिशेबासाठी घेतलेली जागा, यांच्यामागे फाइल नसते. ते स्वॅपमध्ये लिहून रॅममधली जागा दुसऱ्याला दिली, की एकमेव प्रत उरते ती त्या भंगार डिस्कवर.

लिहिताना चूक झाली तर निभावतं, कारण पेज अजून रॅममध्येच असतं. वाचताना बॅड सेक्टर आडवा आला, की लॉगमध्ये 'रीड-एरर ऑन स्वॅप-डिव्हाइस' अशी ओळ उमटते आणि पेज मागणाऱ्या प्रोसेसला सिगबस हा सिग्नल जातो. बहुतेक प्रोग्रॅमनी त्याची काही सोय केलेली नसते. ते तिथेच मरतात. शंका असेल त्याने कर्नलच्या सोर्समधलं 'डू_स्वॅप_पेज' हे फंक्शन उघडून पाहावं.

"मग शून्यं भरून द्यायची की!" असं सुचवणारेही भेटतात. खात्यातली शिल्लक शून्य समजून पुढे व्यवहार करणारा प्रोग्रॅम हवाय का तुम्हाला? त्यापेक्षा मेलेला परवडला. कर्नललाही हे सगळीकडे साधलं नव्हतं. 'स्वॅपऑफ' करताना वाचन फसलं, तर पेजमधला कचरा तसाच प्रोसेसच्या मेमरीत जोडला जाई. 2022 मधल्या 5.19 आवृत्तीने ते सुधारलं: आता तिथे फक्त खूण ठेवतात, आणि प्रोसेसने त्या पत्त्याला हात लावला तरच सिगबस.

अर्थात डिस्कने 'वाचता येत नाही' असं कबूल केलं तर. साध्या स्वॅपला चेकसम नसतो. चुकीचे बिट बिनबोभाट आले, तर कर्नलला कळायला मार्ग नाही.

बाकीचे समज थोडक्यात. अशा एका चुकीने अख्खं मशीन कोसळतं? सहसा नाही, कर्नलची स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये जातच नाही. इनिट ही पहिली प्रोसेस मेली तर मात्र पॅनिक. स्वॅपिनेस 60 म्हणजे रॅम 60 टक्के भरल्यावर स्वॅप सुरू? ती टक्केवारीच नाही, 5.8 पासून ती 200 पर्यंत जाते. रॅमच्या दुप्पट स्वॅप? 64 जीबीच्या मशीनला करून बघा. आणि रेड-1 वर स्वॅप ही चैन नव्हे: एक डिस्क वाचेनाशी झाली तरी दुसरीवरून पेज मिळतं, प्रोसेसला पत्ताही लागत नाही.