टर्कीची पिशवी सकाळी भरलेली दिसते तेव्हा

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत टर्कीच्या आजारावरील लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. पण परड्यातील पक्षी ही पुष्कळ घरांत गृहिणीची स्वतःची पुंजी असते. अंड्यांचे पैसे तिच्या हाती येतात व मुलांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतात. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

टर्की मूळची मेक्सिकोकडची. पण हिंदुस्थानला ती नवी नाही. १६१२ साली बादशहा जहांगीर याच्यासाठी मुकर्रबखानाने गोव्याहून जे अपूर्व प्राणी नेले, त्यांत टर्कीही होती. बादशहाने तिचे चित्र काढविले. त्याच गोव्यापासून फार दूर नसलेल्या आपल्या संकेश्वर-निपाणी भागात आज कोणी हौसेने, कोणी विक्रीसाठी हा पक्षी पाळतो. आपण त्याला कोंबडीसारखेच वागवितो. मात्र टर्कीला हिरव्या चाऱ्याची ओढ कोंबडीहून अधिक, आणि तिचे पिशवीचे दुखणे बहुधा तेथूनच सुरू होते.

पक्ष्याला दात नाहीत. टिपलेला दाणा अन्ननलिकेतून उतरून प्रथम छातीच्या वरच्या अंगास, किंचित उजवीकडे असलेल्या पिशवीत साठतो. तेथे तो ओला होतो, मग थोडा थोडा जठरात जातो व पुढे पथरीत बारीक खड्यांच्या साहाय्याने दळला जातो. पिशवी म्हणजे जणू जात्याजवळची दाण्याची टोपली. संध्याकाळी ती भरलेली असणे हे चांगले लक्षण. रात्रभरात मात्र ती रिकामी झाली पाहिजे. तेव्हा पहाटे, दाणा टाकण्यापूर्वी, पिशवी चाचपून पाहावी. ती रिकामी असेल तर चिंता नाही. सकाळीही भरलेली असेल तर काहीतरी बिघडले आहे, असे समजावे.

हा बिघाड मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला म्हणजे पिशवी तुंबणे. हाताला कणकेच्या किंवा घट्ट चेंडूसारखा गोळा लागतो. उसाच्या वाड्याचे व पाचटाचे लांब तुकडे, चिवट गवत, सुतळी, पिशव्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ही त्याची नेहमीची कारणे. अशा पक्ष्याला वेगळ्या डालग्यात ठेवावे. खाली भुसा किंवा पाचट घालू नये. एक दिवस दाणा बंद करून पाणी मात्र समोर ठेवावे. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल, कोंबडीस अर्धा चमचा व मोठ्या टर्कीस एक लहान चमचा, चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडावे. घोट गिळला की पुढचा थेंब. नंतर बोटांनी तो गोळा हलक्या हाताने मळावा. पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा एवढे पुरे. जोर करू नये व गोळा वर घशाकडे ढकलू नये. पिशवी मोकळी झाली की भिजवलेले मऊ खाद्य थोडे थोडे द्यावे. दुसऱ्या दिवशीही गोळा तसाच असेल तर पक्षी गुरांच्या दवाखान्यात न्यावा. डॉक्टर पिशवीला छेद देऊन आतील गुंता काढतात. हे काम घरच्या ब्लेडने कधीही करू नये.

दुसरा प्रकार पिशवी आंबण्याचा. ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागते व चोचीला आंबूस दुर्गंधी येते. कँडिडा नावाची बुरशी तेथे वाढलेली असते. बुरसलेले खाद्य, घाण पाण्याची भांडी आणि दीर्घकाळ दिलेली प्रतिजैविके यांमुळे ती बळावते. म्हणून येथे मनाने प्रतिजैविक देऊ नये, गूळपाणीही पाजू नये. गोडाने ती बुरशी आणखी पोसते. बुरशीवरील औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

येथे आमच्या घरची चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. आमच्या परड्यातील मोठ्या नराची पिशवी अशीच पाण्याने भरली होती. जुन्या ऐकीव उपायाप्रमाणे आम्ही त्याला पाय धरून उलटे केले व पिशवी दाबली. आंबूस पाणी भडभडून बाहेर आले, आम्हाला वाटले सुटला. पण तेच पाणी श्वासनलिकेत शिरले आणि काही क्षणांत तो आमच्या हातांतच गेला. आजाराने त्याला आणखी एक-दोन दिवस तरी दिले असते. आमच्या घाईने दिले नाहीत. पक्ष्याला उलटे धरू नये, एवढे तरी ह्या लेखातून वाचकांनी घ्यावे.

तिसरा प्रकार पिशवी लोंबण्याचा, आणि तो टर्कीतच अधिक आढळतो. कडक उन्हात पक्षी फार पाणी पितो, पिशवी ताणते आणि पुन्हा आकसत नाही. ही खोड काही अंशी आनुवंशिकही असते. म्हणून अशा पक्ष्याची अंडी उबवणीस ठेवू नयेत. सावली, गार पाणी आणि थोडे थोडे खाद्य यांनी त्याचे दिवस सुसह्य होतात. ताणलेली पिशवी मात्र क्वचितच पूर्ववत होते.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. एकाच वेळी अनेक पक्षी मलूल झाले, हिरवट हगवण लागली, माना वाकड्या झाल्या किंवा पटापट मरू लागले, तर पिशवी मळत बसू नये. तो राणीखेत म्हणजे मानमोडी किंवा दुसरा साथीचा रोग असू शकतो. दवाखान्यास त्वरित कळवावे व मेलेले पक्षी उघड्यावर टाकू नयेत. राणीखेतची लस वेळेवर टोचून घेणे हाच त्यावरचा खरा उपाय.

बाकी सारे आपल्या हाती आहे. हिरवा चारा दोन बोटांपेक्षा लांब ठेवू नये. परड्यातील सुतळी व प्लॅस्टिक रोज वेचावे. खाद्य कोरडे ठेवावे, पाण्याची भांडी घासावीत, बारीक खडे पक्ष्यांपुढे असू द्यावेत. आणि पहाटे खुराडे उघडताना प्रत्येक पक्ष्याच्या छातीवरून एकदा हात फिरवावा. ह्याला पैसा लागत नाही, आणि घरातील लहान मुलालाही हे शिकविता येते.