मशीन चकाचक, पण शनिवारी येणार कोण?

अप्रेझलच्या आठवड्यात हिंजवडीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये कान देऊन बसा. एक डायलॉग हमखास ऐकू येतो, ‘बॉस, सोडू हे सगळं आणि लोणावळ्यात बार टाकू!’ माझ्या एका मित्राने हे खरंच मनावर घेतलंय. मावळात जागा ठरली, परमिट रूमच्या एफएल-3 लायसन्सचं काम मार्गी लागलं, साठवलेले पैसे पणाला लागले. गाडी अडली ती ड्राफ्ट बियरच्या मशीनवर. सप्लायर निवडायचा कसा? त्याच्यासोबत मुंबई-पुण्यात चकरा मारल्या आणि एक गोष्ट कळली. शोरूममध्ये जे सगळ्यात जास्त चमकतं, तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं असतं.

गिऱ्हाईकही आता हुशार झालंय. 2009 मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, मग इतर आल्या. ताजी बियर कशी लागते हे पुणेकराला ठाऊक आहे. त्याला नुसता फेस देऊन चालणार नाही.

फेसाचा हिशोब

30 लिटरचा केग म्हणजे अर्ध्या लिटरचे 60 मग. त्यातला पाचवा हिस्सा फेस होऊन ट्रेमध्ये गेला, तर 12 मग गायब. मगाला 250 रुपये धरले, तरी एका केगमागे 3,000 रुपये पाण्यात!

फेस होतो तो बियर गरम झाल्याने, प्रेशर चुकल्याने किंवा पाइप घाण असल्याने. केगमधली बियर साधारण 3 ते 4 अंशांवर हवी. प्रेशरची गंमत वेगळीच. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून दर 2,000 फुटांना गेजवर 1 पीएसआय वाढवायचा, असा ठोकताळा आहे. मुंबईत 12 वर मस्त चालणारी बियर इथे 13 वर ठेवावी लागते. सप्लायरला हा प्रश्न टाकून बघा. ‘सेटिंग सगळीकडे सेमच असतं हो’ असं उत्तर आलं, तर चहा प्या आणि उठा.

सोमवार ते गुरुवारचं काय?

लोणावळ्याचा धंदा वीकेंडचा. शनिवारी उभं राहायला जागा नाही, मंगळवारी चार टेबलं. म्हणून सहा नळांचा भारी टॉवर बघून हुरळून जाऊ नका. 8 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 10 मीटर पाइपमध्ये अर्धा लिटर बियर उभी असते. आठवडाभर पडून राहिलेली ती बियर शुक्रवारी ओतूनच द्यायची. नळ जितके जास्त आणि पाइप जितका लांब, तितकं नुकसान.

कूलिंगमध्येही दोन फंडे आहेत. एका प्रकारात केग बाहेरच राहतो आणि नळाकडे जाताना बियर गार होते. रोज केग संपत असेल तर ठीक. दुसऱ्यात अख्खा केग फ्रीजमध्ये बसतो. फ्रीज महाग पडतो आणि जागाही खातो. पण चार दिवस बियर पडून राहणार असेल आणि पावसात लाइट जाणार असेल, तर हाच कामाचा. दार उघडलं नाही, तर बराच वेळ गारवा टिकतो.

गटारीची कसोटी

आता खरा सीन. श्रावणाआधीचा शनिवार, धो धो पाऊस, घाटात गाड्यांची रांग आणि नऊ वाजता रेग्युलेटर लीक! मुंबईचा टेक्निशियन पोचेपर्यंत रविवार उजाडणार. म्हणून सप्लायर किती मोठा यापेक्षा त्याचा माणूस किती जवळ राहतो, हे आधी विचारायचं. माझ्या मित्राने शेवटी पिंपरी-चिंचवडचा एक छोटा सप्लायर धरला. कोटेशन सगळ्यात स्वस्त नव्हतं, पण वीकेंडची सर्व्हिस त्याने लेखी दिली आणि एक जादा रेग्युलेटर बारमध्येच ठेवायचं कबूल केलं. नळ? फक्त दोन.

‘मशीन फुकट, बियर मात्र आमचीच’ अशी ऑफर आली, तर करार नीट वाचा. उद्या दुसरा ब्रँड लावायचा म्हटलं, तर केगवर बसणारा कपलरही बदलावा लागू शकतो. तो खर्च कुणाचा, हे तिथे लिहिलेलं हवं.

गॅसशी मात्र मस्ती नको. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत गळला तर तळाशी साचतो आणि माणूस गुदमरतो. सिलिंडर साखळीने बांधलेला, खोली हवेशीर आणि सिलिंडरवर टेस्टची तारीख कोरलेली, हे तिन्ही बघूनच सही करा.

सही करण्याआधी विचारा

• पाइप फूड-ग्रेड आहे का? दर दोन आठवड्यांनी साफ कोण करणार, केमिकल कुणाचं?
• वॉशर, नळ, रेग्युलेटर असे सुटे भाग किती तासांत मिळतील?
• गॅस संपला तर भरलेला सिलिंडर कुठून येणार? रविवारीही?
• स्टाफला मग भरायचं आणि मशीन धुवायचं ट्रेनिंग कोण देणार? पोरं बदलली तर पुन्हा देणार का?
• घाटमाथ्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता द्याल? (मिळाला की पावसाळ्यातल्या शनिवारी तिथे जा, एक मग मागवा आणि फेस बघा!)