वरळीचा इवलासा बेडूक आणि त्याचे भारदस्त नाव

‘टायरॅनोसॉरस’ हे परदेशी नाव आज सांगवीतील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. परंतु महाराष्ट्राच्याच खडकात सापडलेल्या एका प्राचीन उभयचराचे नाव घरातील वडीलधाऱ्यांनीही क्वचितच ऐकलेले असते. ते नाव म्हणजे ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात तळी साचत, वनस्पती वाढत आणि बेडूकही नांदत. मुंबईत वरळीच्या अशाच गाळाच्या खडकात या बेडकाचे सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडविणारे शास्त्रज्ञ ते हेच.

ओवेन यांनी त्याला ‘राना पुसिला’ म्हटले. पुढे १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी हा बेडूक ‘राना’ प्रजातीतील नसल्याचे ओळखून ‘इंडोबॅट्रॅकस’ हे नवे नाव दिले.

मुलांना हे नाव सुटे करून सांगावे. ‘इंडो’ म्हणजे भारतातील, ग्रीक ‘बॅट्रॅकस’ म्हणजे बेडूक आणि लॅटिन ‘पुसिलस’ म्हणजे इवलासा. खातेवहीत आडनाव आधी व नाव नंतर लिहावे, तसा शास्त्रीय नावात प्रजातीचा शब्द प्रथम येतो. ‘राना’ हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘पुसिला’. ‘बॅट्रॅकस’ पुल्लिंगी, म्हणून ‘पुसिलस’. मराठीत ‘इवलीशी’चे ‘इवलासा’ व्हावे, तसेच हे! एवढे उमगले की अवघड नावाची भीती उरत नाही.

मुळा आणि पवना यांच्या कुशीतील सांगवीचा काळा कातळही त्याच लाव्हाचा आहे. नदीकाठी फिरताना मुलांना तो अवश्य दाखवावा, आणि पावसाळ्यात तिथे बेडकांचा आवाज ऐकू येतो का, हेही विचारावे. बेडूक आपल्या ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो. म्हणूनच पाण्यात मिसळलेली रसायने थेट त्याच्या शरीरात शिरतात. वरळीच्या बेडकाची ओळख आता केवळ दगडावरून पटते. सांगवीच्या मुलांना मात्र बेडूक जिवंत पाहता यावा, यासाठी नदीचे पाणी स्वच्छ राखणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.